सुहार, पाच किलोमीटर

पत्रिकेत छापलं होतं: सकाळी पावणेसहा.
मीच छापलं होतं, शुद्धलेखन तपासून.
पण पाहुणे मस्कतहून उशिरा निघाले
आणि समई त्यांच्याच हातून लागायची होती,
म्हणून त्रेचाळीस माणसं छातीवर नंबर टाचून
सूर्य समुद्रातून वर येताना बघत बसली.

समई पहिल्याच काडीला लागली.
ज्योत हलली नाही. एवढीशीसुद्धा.
वारा पडलाय, याचा याहून सरळ पुरावा
काय हवा होता?
आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग मनोगत, मग शाल, मग नारळ.
मी शिट्टी फुंकली तेव्हा सात अठ्ठावीस.

कोठावळे ॲल्युमिनियमच्या कारखान्यातला,
बारा वर्षं वितळलेल्या धातूशी उठबस.
"आम्हाला ऊन काय शिकवता, मॅडम?"
पहिल्या फेरीत त्याने टेबलावरचा ग्लास उचलला
आणि न पिता मागच्या पोराच्या हातात दिला.
दुसऱ्या फेरीत मला नमस्कार केला.
तिसऱ्या फेरीत विचारलं,
"मिरजेची गाडी गेली का?"

मी हसले.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
विनोद समजून हसले,
वहीत त्याची वेळ लिहिली, एकोणीस मिनिटं चार सेकंद,
आणि मान वर केली तर तो रस्ता सोडून
वाळूतून समुद्राकडे चालला होता, ताठ,
तिकडून कुणीतरी नावाने बोलावल्यासारखा.
आधी गुडघे. मग हात न टेकता तोंड.

अंगाला हात लावला आणि मागे घेतला.
तापलेल्या लेकराचं कपाळ मला माहीत आहे.
हे ते नव्हतं.
कुणी कांदा शोधत होतं, कुणी म्हणत होतं गाडीत घाला,
कुणी नुसतंच "जागा द्या, जागा द्या" म्हणत
जागा अडवून उभं होतं.
लिसम्मा आमच्या मंडळाची नव्हेच,
शेजारच्या इमारतीतली नर्स, रात्रपाळी संपवून
घरी जाताना थांबलेली.
तिने सगळ्यांना कोपराने सारलं.
"आधी गार. मग गाडी."

आमचा बर्फ कोकम सरबतात विरघळून गेलेला.
तेवढ्यात खमीसचा पिकअप,
मासळीबाजारातून हॉटेलांकडे निघालेला.
त्याने काही विचारलं नाही.
हातभर सुरमया डांबरावर ओतल्या,
आणि निळ्या टबात बर्फ, पाणी, कोठावळे,
गळ्यापर्यंत,
एकोणतीस नंबर अजून छातीवर.
पाहुणे गुडघ्यावर बसून त्याचं डोकं धरून होते,
शालीचं टोक मासळीच्या पाण्यात.
समई मालवायचं कुणाला सुचलं नाही.

माझ्या टेबलाखाली त्याची पिशवी वाजली.
पडद्यावर दोनच अक्षरं: घर.
तीनदा वाजली.
उचलून काय सांगणार होते,
पत्रिकेत पावणेसहा होतं म्हणून?

बऱ्याच वेळाने तो थरथरायला लागला.
डोळे उघडून त्याने एक शिवी दिली,
मिरजेकडची, अस्सल, कुठेही न अडखळता.
आम्ही बायाबापड्या ढसाढसा रडलो.
शब्द न कळता हसली ती फक्त लिसम्मा.

चार दिवस इस्पितळ.
डॉक्टर म्हणाले, बर्फ नसता तर,
आणि पुढचं औषधाच्या कागदावर बघत राहिले.
सुरमयांचे पैसे द्यायला मी बाजारात गेले.
खमीसने हात छातीवर ठेवला
आणि माझ्याच पिशवीत एक मासा घातला.

इतिवृत्त मीच लिहिते.
लिहिलं: एका स्पर्धकास किरकोळ त्रास.
खोडलं.
लिहिलं: पाहुण्यांना झालेल्या विलंबामुळे.
तेही खोडलं, कागद फाटेपर्यंत.
मग नवं पान घेऊन नुसतं लिहिलं,
सात अठ्ठावीस.
आणि शिट्टी कुणी वाजवली, ते.