फरक तेवढाच

धुळ्याला मूळ यादी, शहाद्याला तिची जुळी.
"जे आठे शे, तेच तठे शे."
सर्व्हर रूमची चावी देताना गिरासे सरांनी
एवढंच शिकवलं,
आणि एसीचा रिमोट कुठे लपवायचा ते.

नाव, हुद्दा, पासवर्ड. संस्थेची चौदा हजार माणसं
दोंडाईचावरून, सारंगखेड्याच्या पुलावरून
तापी ओलांडतात, पाय न भिजवता.
जेसीबीनं कुठे केबल उकरली तर रांगेत थांबतात,
जोडली की पुन्हा निघतात, आल्या क्रमानं.

पण रविवारी रात्री पगारखात्याची फाईल येते,
जाडजूड, आणि मधल्या आठवड्याचा
तिला पत्ताच नसतो.
अडीचला मी शहाद्याशी बोलणं तोडायची,
जुनं सगळं पुसायची, फाईल ओतायची
जिनिंगमध्ये कापसाची गाडी उलटावी तशी.
मग शहाद्याला सांगायची: तुझंही विसर, हे घे.
तो घ्यायचा. नाही कधी म्हणालाच नाही.

सोमवारी जयवंती वळवीचा फोन.
"मॅडम, मी परत पाडवी झाले."
चार सोमवार हेच.
गुरुवारी कोर्टाचा कागद जोडून
ती शहाद्यात बापाचं आडनाव लावायची,
आणि सोमवारी तिच्या आधी
नवऱ्याचं आडनाव शाळेत पोचलेलं.

आणि भटू नेरकर, लेखा विभाग. पौषात गेले.
उत्तरकार्याचं जेवून आले
आणि मीच त्यांचं नाव काढलं.
सोमवारी होते. काढलं. पुन्हा होते,
एक्स्टेन्शन दोनशे सहासकट.
शहाद्याहून कुणी चुकून लावलाही म्हणे.
वाजत राहिला.

शेवटी ओतणं बंद केलं.
आता मागच्या रविवारची फाईल
या रविवारच्या शेजारी ठेवते,
आणि फरक तेवढाच पाठवते.
पहिल्या रात्री चाळीस ओळी निघाल्या.
चाळीस जण पूल ओलांडून गेले,
बाकीचे जिथल्या तिथे झोपून.

सोमवारी फोन आला नाही.
दुपारपर्यंत वाट पाहिली, मग मीच लावला.
"वळवी बोलतेय," ती म्हणाली.

वैशाखात पगारखात्याला एकदाचं कळलं.
फरकात ओळ आली: नेरकर भटू नथ्थू, काढा.
सर्व्हरनं शोधलं
आणि लाल अक्षरात उत्तर दिलं,
असं कुणी नाही.

चूक म्हणून नोंद आहे ती.
मी अजून पुसलेली नाही.