एक बोट अंतर

सळईच्या कारखान्यात बावीस वर्षं
माझा हात क्रेनच्या लिव्हरवर.
वर म्हटलं की वर, थांब म्हटलं की थांब.
लाल बिलेट हवेत लटकतं,
पण कुणाच्या डोक्यावरून कधी गेलं नाही.

घरी या हाताला लिव्हर नव्हतं.

पोरीला क्लासला सोडायचो पहाटे साडेपाचला,
कुंडलिकेच्या पुलापलीकडं, नगरपालिकेच्या शाळेत.
ती पटांगणात, मी भिंतीवर, तळहातावर तंबाखू.
तरन्नुम मॅडम माझ्या पोराच्या वयाच्या,
दुपारी बियाण्याच्या गोदामात पाकिटं मोजतात.
एकदा तिथूनच ओरडल्या,
"भाऊ, बसून काय करायलात? उभं राहा की ओळीत."
पोरं हसली.
पोरगी अंगठ्यानं माती उकरत राहिली.

ओळ उंचीनं लावली तरी मी शेवटी,
पट्ट्याच्या रंगानं लावली तरी शेवटी.
घोडा नसताना घोड्यावर बसायचं,
मांड्या कापायच्या कोवळ्या उन्हात,
आणि मागून आवाज यायचा, "श्वास कुठंय?"
पन्नाशीला टेकलो,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

तंबाखू सुटली का?
अर्धी. खरं ते सांगतो.

मग जोड्या लागल्या.
माझ्यासमोर सुमेध खरात, सातवी ब, नाकाखाली घाम.
मॅडम म्हणाल्या, पूर्ण ताकदीनं मारा
आणि नाकाच्या एक बोट अलीकडं थांबा.
हळू मारून थांबू नका, ते कुणालाही जमतं.

मारायचं मला शिकवावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी मूठ त्याच्या कानाजवळून गेली.
सुमेधनं डोळे मिटले नाहीत.
ज्याचे मिटलेले डोळे मला आठवतात
तो आता चाकणला असतो.
गणितात सहा मार्क. सायकलची हरवलेली किल्ली.
आणि एकदा तर काहीच नाही,
माझा ओव्हरटाइम कापला होता.

नळाला पाणी आठ दिवसांनी येतं,
क्लास रोज असतो.
पिवळा पट्टा मिळाला, मग नारिंगी.
बायकोनं तो निरमा टाकून धुतला,
मॅडम रागावल्या, पट्टा धुवायचा नसतो,
घाम राहू द्यायचा त्यात.
बायको म्हणाली, मग घरात आणू नका.

दिवाळीला पोरगा आला.
खाली जेवायला बसला होता,
चिवड्याचा डबा त्याच्या डोक्यावरच्या फळीवर.
मी हात वर केला
आणि त्याची मान खाली गेली.
एवढीशी.
मिशीवाला चोवीस वर्षांचा माणूस,
हाताखाली सहा कामगार.
त्याला कळलंही नसेल.

माझा हात हवेतच थांबला.
खांदा, पोट, श्वास, सगळं जागच्या जागी.
मॅडमनी पाहिलं असतं
तर पैकीच्या पैकी दिले असते.
डबा फळीवरच राहिला.
पोरीनं स्टूल आणलं.

दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी.
पटांगणभर फटाक्यांचे कागद.
मी एकट्यानं भिंतीसमोर शंभर मारल्या,
चुन्याला एकही लागली नाही.
वळलो,
तर पोरगा भिंतीवर बसलेला,
मी बसायचो तिथंच, हात खिशात.

"थंडी आहे," म्हणाला.
"हं," म्हणालो.
ओळीत उभा राहतो का, हे विचारायचं राहिलं.
चहा घेतो का, तेवढं विचारलं.

शाळेसमोरची टपरी बंद होती.
पुलापर्यंत चालत गेलो,
तिथलीही बंद.
त्यानं विचारलं, "नव्या जालन्यात असेल का उघडी?"