तीन बोटं

दुपारी अडीचला मळीच्या टाकीवर चढले.
चव्वेचाळीस पायऱ्या, हाताला चिकटणारा कठडा,
पाठीवर लॅपटॉप, कमरेला पट्टा.
खाली कासारीकाठानं ऊसगाड्यांची रांग,
समोर जोतिबाचा डोंगर, उन्हात पुसट.

टाकीच्या टाळूवर यंत्र, पालथ्या वाटीएवढं.
ते खाली हाक टाकतं, आपल्याला ऐकू न येणारी,
मग गप्प राहून वाट बघतं.
जायचा वेळ, यायचा वेळ, बेरजेचं निम्मं,
त्यावरून मळी कुठं आहे ते सांगतं.
एवढंच त्याचं काम.

आकडा मात्र हलेना. सहा मीटर दहा.
काल सहा दहा, पहाटे सहा दहा,
चार टँकर भरून गेले तरी सहा दहाच.

दस्तगीर मुल्लाणी, एकतीस हंगाम याच टाकीवर,
पितळी वजनाची टेप मनगटाला गुंडाळून उभे.
मी विचारलं. मोठ्यानं परत विचारलं.
"डाव्या अंगानं बोल पोरी.
उजवा कान मिलहाऊसनं नेला."
मग झाकणातून आत बोट:
"तितं शिडीची एक पायरी वाकल्याली हाय.
टेप बी तिलाच अडकती."

म्हणजे दोन दिवस हे पायरीशीच बोलत होतं.
पडद्यावर तिचा उंचवटा शोधला,
त्याच्याभोवती रेघ मारली: हिचं ऐकायचं नाही.
तापमान भरलं, अडतीस;
उबेत आवाजाला घाई असते.
वरचे तीस सेंटिमीटर सोडून दिले.
तिथवर यंत्राच्या कानात स्वतःचाच घुमारा असतो,
फार जवळ आलेलं त्याला कळत नाही.

आता तीन ब्याण्णव. फेस हलला की एखादा आकडा इकडेतिकडे.
मामांनी टेप सोडली,
वजन टेकलं तसं मनगट थांबलं,
ओढून काढली, ओल्या खुणेवर अंगठा:
तीन सत्त्याऐंशी.

नकाशा उलगडला. यंत्रापासून तळ आठ मीटर, बरोबर.
पुन्हा टेप. पुन्हा सत्त्याऐंशी.
मी म्हटलं, टेप ताणली असेल.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
तीन बोटं जुळवून माझ्यापुढं धरली.
"एवढा गाळ बसलाय खाली, दगडावानी.
दोन हंगाम टाकी धुतली न्हाई.
तुझं यंत्र कागदावरच्या तळापासनं मोजतंय,
मी हाय त्या तळापासनं."

पाच सेंटिमीटर. मी मनात गुणाकार केला:
आठेक टन मळी, रोज हिशेबात, टाकीत कधीच नाही.
साहेबांना फोन लावला.
साहेब म्हणाले, ड्रॉइंगप्रमाणं ठेवा.
बरं, म्हटलं. फोन खिशात घातला.
आठ शून्य शून्य खोडून
सात पंच्याण्णव भरलं.

चारचं रीडिंग.
नोंदवहीत दोन खाने, टेप आणि यंत्र.
टेपच्या खान्यात त्यांनी तीन शहाऐंशी लिहिलं,
पडद्याकडं डोळे बारीक करून बघितलं,
आणि दुसऱ्या खान्यात दोन बारक्या उभ्या रेघा मारल्या,
वरीलप्रमाणे.
वहीच्या कडेला एक मधमाशी चिकटली होती,
ती नखानं अलगद सोडवली.

"फुडल्या साली टाकी धुतली तर?"
मी डाव्या अंगाला सरकले.
मग मला परत यायला लागेल, मामा.
"ये की.
तेवढी ती पायरी सरळ करू नका म्हणावं.
टेप कुठवर गेली, तिच्यावरनं कळतंय मला."