एक, दोन, चौदा

आल्विनाचा फोन आला: बाबांची ऐरण काढतेय,
घेणारी दारात उभी आहे, भाव तू येऊन सांग,
तू ना तिचा, ना माझा.

म्हणून मी, आर्डन कॉर्कम, वय एकाहत्तर,
लूनेनबर्गच्या धक्क्यामागच्या त्या शेडमध्ये
खिशात एक पोलादी गोळी घेऊन.
ट्रकच्या बेअरिंगमधली. सोनाराला कसाचा दगड, मला ही.

बाहेर धुकं इतकं, की बंदरातल्या शिडांच्या होड्या
फक्त दोरांच्या करकरीवरून मोजाव्यात.

घेणारी आयोनी. घोड्यांना नाल मारते.
मनगटावर भाजल्याचा जुना डाग,
म्हणजे हौशी नव्हे. बरं वाटलं.

आधी वजन. कुशीवरची धूळ थुंकीने पुसली,
आकडे उमटले: एक, दोन, चौदा.
पोरगी म्हणाली, एकशे चोवीस?
नाही गं. इंग्लंडमधल्या ओतशाळेचा हिशेब वाकडा:
पहिला एक म्हणजे एकशे बारा रतल,
दोन म्हणजे दोन पाव, छप्पन्न,
चौदा तेवढे चौदाच.
एकशे ब्याऐंशी. रतलाला चार डॉलर धर.

मग गोळी. वीतभर उंचीवरून सोडली,
टण्ण, आणि जवळजवळ हातात परत.
शिंगाकडे तशीच. शेपटीकडे तशीच.
पट्टी आडवी ठेवली: पाठ मध्ये बाकलेली,
नखाएवढा उजेड खालून दिसतो.
याचे पैसे कापायचे नाहीत, मी म्हणालो,
वाकलेली सळई सरळ करायला
थोडा खळगा लागतोच.

राहिला चौथा कोपरा.
भिंतीकडचा.

तिघांनी मिळून ओंडका फिरवला.
दोन बोटं मावतील एवढा टवका.
आयोनीने अंगठा फिरवला, काही बोलली नाही,
माझ्याकडे पाहिलं. आल्विनानेही.
प्रश्न ऐरणीवर येणं म्हणजे काय,
ते मला त्या क्षणी नीट कळलं.

मी सतरा वर्षांचा. हिबर्ट निकलचा घण्या.
डोलकाठीची कडी तापलेली, नजर रस्त्यावर,
कोण जात होतं ते आता आठवतही नाही.
घण कडीवर पडलाच नाही.
तुकडा उडाला तो माझ्या कानाजवळून
दाराच्या फळीत.
हिबर्ट ओरडला नाही. कडी पुन्हा भट्टीत घातली.
दुसऱ्या दिवशी ऐरण फिरवलेली होती.
मला वाटलं, गिऱ्हाइकांपासून लपवली.

साठ कमी, मी म्हणालो.
सातशे अठ्ठावीसमधून साठ. सहाशे अडुसष्ट.
आवाज माझाच होता, जरा जाड.
आयोनीने मान डोलावली, नोटा मोजल्या.
मग मी पाकीट काढलं, तीन विशीच्या नोटा
आल्विनापुढे धरल्या:
हे कोपऱ्याचे. तो माझा.

ती हसली नाही, नको म्हणाली नाही.
आत गेली, बाबांची वही घेऊन आली,
तेलकट, दोऱ्याने बांधलेली.
चौपन्न वर्षांमागचं पान तिला न शोधता सापडलं.
पेन्सिलीने, हिबर्टच्या किरट्या अक्षरात:
कोपरा. पोरगा. कान वाचला.
पुढे रकमेचा रकाना. कोरा.

आल्विनाने नोटा घेतल्या,
दोनदा मोजल्या, एप्रनच्या खिशात टाकल्या.
वहीत काही लिहिलं नाही.

मग फळी टाकून, ढकलत, शिव्या देत
ऐरण आयोनीच्या गाडीत चढवली.
गाडी मागून बसली.
तिने विचारलं, कोपरा कुठल्या बाजूला ठेवू?

मी दाराच्या फळीतलं ते भोक बोटाने चाचपत होतो.
आत अजून काहीतरी गार लागतं.

तुझ्याकडे घण्या कोण आहे, मी विचारलं.