तिसरा मजला, लिफ्ट नाही

चुरींचं ऑफिस माहीमला, जिन्याखाली.
दोन खुर्च्या, आधीच्या सलूनवाल्याचा आरसा
आणि भिंतीवर पन्नासेक किल्ल्या,
प्रत्येकीला निळ्या दोऱ्याने बांधलेला पुठ्ठा.
"ही माझी खरी वेबसाइट," ते म्हणाले.
"ती दुसरी पुतण्याने केली. तिच्यावर कोणी येत नाही."

मी उघडायला घेतली. उघडेना.
मोबाइलवर चाक गरगरत राहिलं,
तेवढ्यात चुरींनी फोनवर एक गिऱ्हाईक
वांद्र्याहून मोरी रोडला आणलंसुद्धा.
मग दिसला एक निळाशार तलाव
आणि पाण्यात पाय सोडून हसणारं
कुठल्यातरी देशाचं कुटुंब.
"हे कुठलं हो?"
"कोणास ठाऊक. पुतण्याला आवडलं."

खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
एकोणीस वेळा: मुंबईतील सर्वोत्तम स्वस्त आलिशान फ्लॅट.
माणसाला दिसू नये, यंत्राला दिसावं,
नवस बोलावा तसं, ओठांतल्या ओठांत.

तलाव काढला. कुटुंबाला निरोप दिला.
फोटो हलके केले, घर बदलायच्या आदल्या रात्री
माळा आवरतात तसे:
हे लागेल का? नाही. हे? राहू दे.
शेवटी पानावर उरला चुरींचा फोन नंबर
आणि एक शोधाची चौकट, कोपऱ्यात,
जिच्यात लोक काय काय लिहून गेले होते
ते सगळं तारीखवार साठून होतं.

"येतात, काका. येतात आणि परत जातात.
आलिशान कोणीच लिहीत नाही."

वन आरके डिपॉझिट कमी
मासे चालतील ना
आईचे गुडघे लिफ्ट पाहिजे
एक मांजर आहे म्हातारं
नाव बघून नाही म्हणणार नाहीत असं घर

आणि मधेच, रात्री एक चाळीसला,
एकट्या बाइला भाड्याने.
बाइ. ऱ्हस्व.
घाईत मी अशीच लिहिते.
त्या रात्री वीस-बावीस साइटी पालथ्या घातल्या होत्या,
त्यातली ही एक असणार. उत्तरही आठवलं:
आपल्या शोधाशी जुळणारं काही सापडलं नाही.

चुरींनी चष्मा पुसला, यादी पुन्हा वरून वाचली.
"ही माणसं इथंही आलीत," म्हणाले,
"तुम्ही बसलात त्याच खुर्चीत.
मी सोसायटीकडे बोट दाखवतो. सोसायटी मालकाकडे.
मालक म्हणतो, चुरीला विचारा."

बराच वेळ ते किल्ल्यांकडे बघत होते.
मग त्यांनी फोन लावले.
पहिल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं,
दुसरा म्हणाला, वर्षभराने बघू.
तिसऱ्या कुंदा राऊत, शीतलादेवीजवळच्या:
"एकटी आहे तर मग काय, अर्धं भाडं देणार का?
नाही ना? मग पाठवा."

"लिहा," चुरी म्हणाले, आणि मी लिहीत गेले.
तिसरा मजला. लिफ्ट नाही. अठ्ठेचाळीस पायऱ्या,
दुसऱ्या मजल्यावर टेकायला कठडा.
पाणी पहाटे साडेचार ते सहा, त्यानंतर पिंप.
शेजारी बोंबील तळतात, वास येणार.
स्टेशन पाच मिनिटं नाही. अकरा.
मी स्वतः चाललोय, गुडघेदुखीसकट.
"गुडघे ठेवू?"
"ठेवा. विचारलंय ना कोणीतरी."

खोलीचा फोटो त्यांनीच काढला होता,
खिडकीत कोणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल.
मी तो कापला नाही.
पान आता दोन सेकंदांत उघडतं.
हल्ली यंत्र चुका समजून घेतं, सांगावं लागत नाही,
तरी तळाशी एक बाइ ऱ्हस्वच ठेवली,
पांढरी नाही, काळ्या अक्षरांत.

चुरींनी पैसे मोजून दिले, पाकिटात घालून.
दारात चप्पल शोधता शोधता
मी विचारलं, सहज विचारावं तसं,
अनामत किती म्हणाल्या कुंदाताई?