दहानंतर

दहा वाजले. फौजदारानं हात वर केला,
मी फेडर खाली ओढला.
भाळवणीच्या माळावर एकदम कुत्री ऐकू यायला लागली,
आइस्क्रीमच्या गाडीची घंटा,
चप्पल हरवली म्हणून रडणारं कुणाचं तरी पोर.

प्रज्योत, तू वायरी गुंडाळत होतास
अंगठा आणि कोपर, मी शिकवलं तसं,
आणि मान वर न करता विचारलंस :
"दस्तगीरमामा, तुम्हाला सोताला काय आवडतं वो?"

एक्केचाळीस वर्षं चिठ्ठ्या आल्या मला.
सिगरेटच्या पाकिटावर, लग्नपत्रिकेच्या पाठीवर,
एकदा तर दहाच्या नोटेवर.
नवरदेवाच्या मावसभावाची फर्माईश,
मंडळाच्या अध्यक्षाची, पुन्हा तेच, पुन्हा तेच.
वाजवणाऱ्याकडं चिठ्ठी कुणी मागितली नव्हती.
बस, तूच चालव टेम्पो. विट्यापर्यंत सांगतो.

आधी माग.
हसू नकोस. आमच्या भिंतीपलीकडं चार यंत्रमाग,
आई तिथंच कांड्या भरायची.
खटाक-खट, खटाक-खट, रात्रभर,
आणि धागा तुटला की एक माग गप्प,
तीनच बोलायचे.
मी झोपायचो चौघांच्या आवाजात,
जागा व्हायचो त्या एकाच्या गप्प होण्यानं.
अजून गाणं फुटायच्या आधी तेवढीच जागा मोकळी सोडतो मी.
पोरं हात वर करून ताटकळतात.
त्यांना वाटतं, मामा पुण्याहून शिकून आला.

मग तंबू.
जत्रेतली टुरिंग टॉकीज, मी रिळं गुंडाळायला.
पडद्यामागं तिकीट निम्मं :
अक्षरं उलटी, हिरो डावखुरा.
मला अजून डावखुराच हिरो आवडतो.
शेवटचं रीळ एस.टी.नं यायचं, एका वर्षी आलंच नाही.
मालक म्हणाला, दस्त्या, माईक घे, सांग पुढं काय झालं.
अकरा वर्षांचा होतो. सांगितलं.
बहीण सापडते. बाप आंधळाच राहतो,
पण बांगड्यांच्या आवाजावरनं ओळखतो.
तंबू गप्प. पैसे परत मागायला कुणी आलं नाही.
पुढं खरा शेवट टीव्हीवर बघितला.
हलका निघाला, लेका.

आणि नाच म्हणशील तर गजी.
आटपाडीकडचे म्हातारे, पायघोळ झगे, हातात रुमाल,
ढोलाला घाई नाही,
पाऊल टेकायच्या आधी हवेत जरा विचार करतं.
तो ढोल मी कॅसेटवर घेतला
आणि एका वरातीत बेसच्या जागी खालून सोडला.
नवरीचा चुलता, कानपूरला गलाईचं दुकान,
बूट काढून नाचला. नंतर जनरेटरमागं उभा राहून रडला.
मी डिझेल बघतोय असं दाखवलं.

सगळं गोड सांगत नाही.
एकदा तासगावात एका घराच्या फळीवरची भांडी पडली माझ्या बेसनं,
म्हातारी दारात आली, दोन्ही हात कानांवर.
मी बघितलं. आवाज कमी केला नाही.
गर्दी म्हणत होती वाढव,
आणि खरं सांगू, मलाही वाढवायचाच होता.

आता डाव्या कानात नुसती शिट्टी आहे.
मिरजेच्या डॉक्टरनं आलेख दाखवला,
उतरता, आपल्या घाटासारखा.
तिथनं निघालो तो तंबोरेवाल्यांच्या गल्लीत शिरलो.
एक पोरगा जवारी लावत होता,
तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवत.
मला ऐकू येईना. त्यानं ओळखलं असणार.
म्हणाला, चाचा, हनुवटी टेकवा भोपळ्यावर.
टेकवली.
दातांतनं आला स्वर.
किती वेळ तसा बसलो ठाऊक नाही,
पोरानं माझ्यासाठी चहा सांगितला होता, तो गार झाला.

आलं विटं. रात्रपाळी चालू आहे बघ.
इंजिन बंद कर जरा.
डाव्या हाताच्या शेडमधे किती माग चालतायत, मोज.
उजवीकडचे मी मोजतो.