आठशे चाळीस मीटर

लफबरोत कौन्सिल अंतर मोजते सरळ रेषेत,
आमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत.
मध्ये कालवा आहे, रेल्वेचे रूळ आहेत,
मिस्टर पेंबर्टनच्या परसातलं सफरचंदाचं झाड आहे,
ते काही मोजत नाहीत.
कावळा उड म्हटल्यावर कावळ्यानं जावं,
तसे आठशे चाळीस मीटर.
थॉर्नबी रोडची शाळा आपली आहे
ती एवढ्यावरून.

हेरंबनं तक्ता केलाय.
गणितात पुढे सरकलेली मुलं, गैरहजेरी,
वर्षभरात घरी पाठवलेली किती,
हिरवा, पिवळा, लाल.
फुकट जेवण घेणाऱ्यांच्या रकान्याला
कुठला रंग द्यावा ते त्याला ठरवता येत नाहीये,
म्हणून तो अजून पांढरा.

तपासनिसांचा अहवाल चार वर्षांपूर्वीचा:
सुधारणा आवश्यक.
माझ्या प्रगतिपुस्तकावर कुलकर्णीबाई हेच लिहायच्या,
अक्षराबद्दल.
अजून आवश्यक आहे.

दीक्षितांनी दीड वर्षापासून रविवारचं चर्च धरलंय.
घरी गणपती बसतो तो बसतोच,
पण पाद्रीबुवांच्या वहीत त्यांची हजेरी चुकत नाही.
कुणी चांगल्या शाळेच्या गल्लीत खोली घेतली भाड्यानं;
तिथे फक्त त्यांची पत्रं राहतात.
आम्ही हसलो दोघांना.
मग घरी येऊन त्या गल्लीतली भाडी बघितली.

मंगळवारी अर्धी रजा टाकून
मी शाळेसमोरच्या बसस्टॉपवर उभी राहिले.
तीन वाजून दहा मिनिटांनी शाळा सुटली.
तीन बस सोडल्या.
सैल टाय मोजले, शिव्या मोजल्या:
अकरा, त्यातल्या दोन प्रेमाच्या.
आणि मोजू नये तेही मोजलं,
आपल्यासारखे चेहरे किती.
लाज वाटली.
लाज वाटूनही आकडा लक्षात राहिला.

शाळा दाखवायच्या संध्याकाळी
ओलुची नावाची आठवीतली मुलगी आमच्यापुढे चालत होती.
प्रयोगशाळेत एक बर्नर निळा पेटवून ठेवला होता, खास आमच्यासाठी.
मी विचारलं, तुला आवडते का ही शाळा?
तिनं मागे कोणी आहे का पाहिलं.
'मिस्टर हॅडली आहेत तोवर ठीक आहे,' म्हणाली,
'नाताळानंतर ते चाललेत.'
याला रकाना नव्हता.

माझ्या वडिलांनी कुठली शाळा पाहिली होती?
देगलूरला हात धरून नेलं, उभं केलं.
गुरुजी म्हणाले, डोक्यावरून हात ने, पलीकडच्या कानाला लाव.
लागला.
झाला प्रवेश. जन्मतारीख एक जून.
जोखायचं ते शाळेनं,
आम्ही फक्त कान दाखवायचा.
इथे कुणाकडे जेवायला गेलं की मी हे रंगवून सांगते:
बसायला गोणपाट, एका फळ्यावर दोन वर्ग.
आणि शाल्मलीसाठी तसली शाळा
मी फाटकातूनच नाकारली असती.

आज एकतीस ऑक्टोबर.
अकरा वाजत आलेत, बाराला अर्ज बंद.
पसंतीच्या तीन चौकटी.
पहिलीत थॉर्नबी रोड लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
हेरंब म्हणाला, जवळ तर आहे.
मी म्हणाले, जवळ तर आहेच.
दोघांनाही कळलं की हे काही बोलणं नव्हे.

शाल्मली पाणी प्यायला खाली आली,
आमच्या खांद्यांवरून पडद्याकडे बघत राहिली.
'तिथल्या संडासाच्या दारांना कड्या आहेत का?
तुम्ही बघितलंत?'

बर्नर आठवला. ओलुचीचे बूट आठवले.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
पेला तिथेच ठेवून ती वर गेली.
हेरंबनं तक्त्यात
एक नवा रकाना उघडला.